भाचीला केबिन क्रूमध्ये जायचंय: पात्रता, बाँड, रोस्टर, सगळं सांगा (इंदूर)

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. भाची इंदूरातच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय १९, उंची १५७ सेंटीमीटर. तिला केबिन क्रूमध्ये जायचंय. विजय नगरमधल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करून आली. तिथे एक वर्षाचा डिप्लोमा, 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि अशी फी सांगितली की मेहुणे पोह्यांचा पुढचा घास घ्यायचं विसरले. ताईचं म्हणणं, आधी ग्रॅज्युएशन, मग कुठे उडायचं तिथे उड. आजीचा सूर वेगळाच: पाहुण्यांना चहा द्यायचा तर घरी कमी येतात का?

मामा म्हणून चौकशीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बारावीवर घेतात की पदवी लागते? डिप्लोमा नसेल तर दारातूनच परत पाठवतात का? हातात किती पडतात ते सगळे सांगतात, त्यासाठी किती राबावं लागतं ते कोणी बोलत नाही. आणि तिशीनंतर या मुली जातात कुठे? त्यात आणखी एक घोळ. पोरीने गेल्या वर्षी मनगटावर 'आई' गोंदवून घेतलंय. तेव्हा ताईला भरून आलं होतं, आता तेच आडवं येणार असं ऐकतो.

व्हिडिओ भरपूर पाहून झालेत, लिंका नकोत. ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांच्या घरात कोणी करतंय त्यांनी लिहावं.

छप्पन_भोगी

पटलं नाही तर सोडून द्या, पण सरळ लिहितो. हॉटेलातलं वाढपी काम आहे, फक्त ३५ हजार फुटांवर. गोड हसायचं, ट्रॉली ढकलायची, कचरा गोळा करायचा. त्यासाठी चांगली बी.कॉम. करणारी पोर घालवायची? बँकेच्या परीक्षांना बसवा. नोकरी इंदूरात नाही मिळाली तर देवास-उज्जैनला मिळेल, रविवारी घरी जेवायला येईल.

मिठी_मिरची

वाचतेय. माझी धाकटी अकरावीत आहे आणि हेच टुमणं सुरू झालंय.

जंपसीट

छप्पन_भोगी, चहा दिसतो, कारण प्रवाशाला तेवढंच दिसावं अशी सगळी मांडणी असते. नियमात चहाचा उल्लेखच नाही. नियम सांगतो, दर ५० सीटमागे एक केबिन क्रू. माणसं नाही, सीट मोजतात. म्हणून १८६ सीटच्या एअरबस ए३२० मध्ये चौघी आणि ७८ सीटच्या एटीआर या छोट्या विमानात दोघी. चौघींतली एक ऐनवेळी आजारी पडली तर स्टँडबायवरची येईपर्यंत विमान जागचं हलत नाही. सँडविच कमी पडली म्हणून विमान थांबलेलं ऐकलंय का कधी?

मी बरीच वर्षं उडले, बेस मुंबई होता, आता सुदामा नगरला संसार आहे. राजेंद्रनगरकर, उत्तरं देते, क्रम मात्र माझा.

आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांना बारावी पास पुरते, शाखा कुठलीही. नवख्या मुलींसाठी वय १८ ते २७. इंडिगो काय किंवा एअर इंडिया काय, जाहिरातीत किमान उंची १५५ सेंटीमीटर असते, म्हणजे भाची बसते. पण घरच्या भिंतीवर पेन्सिलची रेघ मारून मोजलेली उंची धरू नका, नीट मोजून घ्या. तिथे चपला काढायला लावतात आणि अर्ध्या सेंटीमीटरवरून मुली रडत बाहेर येतात. उंचीचा हट्ट दिसण्यासाठी नाही. आगीचं आणि ऑक्सिजनचं सामान डोक्यावरच्या कप्प्यांत असतं, तिथे हात पोचायला हवा.

वजन उंचीच्या प्रमाणात. एअर इंडियाच्या जाहिरातीत मुलींसाठी बीएमआय १८ ते २२ असं छापलेलं होतं. १५७ उंचीला हिशेब केला तर साधारण ४४ ते ५४ किलो. त्यामुळे सराफ्यातल्या खाण्याच्या फेऱ्या जरा आवरत्या घ्यायला सांगा. भारतीय पासपोर्ट हवा, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही न अडखळता यायला हवं. इंदूरच्या मराठी पोरींना हिंदी शिकवावं लागत नाही, इंग्रजीत मात्र गाडी अडते. व्याकरणात नाही हो, तोंड उघडण्यात. ग्रुप डिस्कशनमध्ये बाकीच्या बोलत राहतात आणि आपली पोर मान डोलवत बसते.

गोंदण: युनिफॉर्म घातल्यावर जे दिसतं ते चालत नाही, आणि मनगट दिसतंच. फाउंडेशनचा थर लावून जाऊ नका. माझ्यासमोर एकीच्या हातावर ओला टिश्यू फिरवून पाहिला होता, त्यानंतर तिची मुलाखत तिथेच संपली. लेझरने काढायला बऱ्याच बैठका लागतात आणि दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवतात. म्हणून बाकी काही ठरो न ठरो, त्वचेच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा.

टोरांटोचा_इंदुरी

अवांतर: एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये आणि व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये दिसणाऱ्या टॅटूंवरची बंदी काढली. आपल्याकडे वेळ लागेल. आमच्या पणजीच्या हातभर गोंदण होतं, तिला कोणी विमानात घेतलं नसतं म्हणजे.

माजी_काउन्सेलर

मी अशाच एका इन्स्टिट्यूटमध्ये होतो. नाव लिहिणार नाही. आम्हाला प्रत्येक ॲडमिशनमागे पैसे सुटायचे, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या खाली बारीक अक्षरात 'साहाय्य' असा शब्द असतो. म्हणजे मुलाखत कुठे आहे ते आम्ही कळवू. मॉलमधलं काउंटर, हॉटेलचा फ्रंट डेस्क, विमानतळावरचं कंत्राटी ग्राउंड काम, हे सगळं प्लेसमेंटमध्येच मोजलं जातं. भिंतीवरच्या फोटोंतल्या मुली त्याच शाखेच्या आहेत का हे एकही पालक विचारत नाही. विचारा. आणि फी परत मिळण्याची अट लेखी मागा. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

विमान कंपनी या डिप्लोम्याला वजन देत नाही. निवड झाली की सगळं ट्रेनिंग ती स्वतः देते, डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मंजूर केलेलं, आणि तेच ग्राह्य. आमच्याकडे वर्षभर काय शिकवायचो? चालणं, बसणं, मेकअप, अंबाडा, इंग्रजी संभाषण. यातलं इंग्रजी खरंच उपयोगी पडतं, पण ते पलासियातल्या साध्या क्लासमध्येही मिळतं. तेही कितीतरी कमी पैशांत.

आणखी एक. 'तुमचं सिलेक्शन झालंय, युनिफॉर्मचं रिफंडेबल डिपॉझिट भरा' असे फोन आणि मेल येतात. लोगो, सही-शिक्का सगळं खऱ्यासारखं. नोकरी देण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, असं कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिहून ठेवतात. तरी दर वर्षी कोणीतरी भरतंच.

राजेंद्रनगरकर

काउन्सेलरसाहेब, फी परत मिळण्याची अट लेखी मागितली. 'सर, ट्रस्ट बनवून ठेवा' असं उत्तर आलं. मेहुणे खूश आहेत, पैसे वाचले.

जंपसीट, कामाच्या तासांबद्दल लिहा ना. भाची शेजारी बसून वाचतेय.

जंपसीट

भाचीसाठीच लिहिते मग.

आधी ट्रेनिंग. दोन-तीन महिने, आणि ते शाळेपेक्षा कडक. विमानाची दारं, स्लाइड, धूर भरलेल्या खोलीत आग विझवणं, तलावात लाइफ जॅकेट घालून राफ्टवर चढणं, प्रथमोपचार, धोकादायक वस्तू, विमानात बाळंतपण. लेखी परीक्षेत पास व्हायची रेघ उंच असते आणि पुन्हापुन्हा नापास झालात तर घरी. भरलेलं विमान, निम्मी दारं बंद, आणि सगळे ९० सेकंदांत बाहेर, या हिशेबावर विमानाला प्रमाणपत्र मिळतं. तेवढ्या वेळात लोकांना ओरडून बाहेर काढायचं तुम्हाला. मऊ आवाजाच्या मुलींना पहिल्या दिवशी ओरडताच येत नाही. आमची ट्रेनर म्हणायची, कुत्रं मागे लागल्यावर ओरडता तसं ओरडा.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी साडेपाचचं विमान असेल तर तासभर आधी रिपोर्टिंग. त्याआधी पिकअप, त्याआधी अंबाडा, पिना, मेकअप. म्हणजे गजर दीडचा. रात्री नऊला झोपायचं ठरवता, पण शेजारी वरात. विमानतळावर ब्रीफिंग: आज कुठलं दार तुझं, कुठलं सामान कुठे आहे, अमुक झालं तर काय करशील. उत्तर अडखळलं तर सीनिअर तुम्हाला खाली उतरवू शकते. मग चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. दोन विमानांमध्ये अर्धा-पाऊण तास, त्यात प्रवासी उतरवायचे, प्रत्येक सीट आणि कप्पा तपासायचा, पट्टे नीट मांडायचे आणि नवे प्रवासी घ्यायचे. जेवण म्हणजे गॅलीत (विमानातलं छोटं स्वयंपाकघर) पडदा ओढून उभ्याने दोन घास.

विमान वर चढत असताना ट्रॉली ढकलणं म्हणजे घाटात हातगाडी. ट्रॉलीच्या पायाशी लाल आणि हिरवं पेडल असतं, लाल दाबलं की ब्रेक. पाठ वर्षभरात बोलायला लागते.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी जंपसीटवर (क्रूची घडीची सीट) पट्टा बांधून, पाय जमिनीला टेकवून, हात मांडीखाली घेऊन गप्प बसलेली मुलगी तुम्ही पाहिली असेल. ती विश्रांती घेत नाही. ती मनातल्या मनात घोकत असते: दार कुठलं, लीव्हर कुठे, बाहेर आग दिसली तर दुसरं दार कुठलं, मदतीला कोणता धडधाकट प्रवासी. उड्डाणानंतरची तीन मिनिटं आणि उतरण्याआधीची आठ, जास्तीत जास्त गडबड याच वेळात होते.

आणि पैसे. पगाराचे दोन भाग, ठरलेला आणि उडालेल्या तासांचा. तास मोजतात ते विमान जागचं हललं की तिथपासून, पुन्हा थांबेपर्यंत. धुक्यात दिल्लीला दार बंद करून चार तास बसलात, प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या, तर ते चार तास बहुतेक वेळा हिशेबात नाहीत. मुलाखतीत विचारायचा खरा प्रश्न हा: किमान किती तासांच्या पैशांची हमी?

टोरांटोचा_इंदुरी

याच मुद्द्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांच्या आसपास फ्लाइट अटेंडंट संपावर गेल्या होत्या. जमिनीवरचं काम फुकट का करायचं, हा प्रश्न. आमच्याकडे इथे लोकांचे प्रवास बुडाले, तरी संपाला सहानुभूती बरीच होती. अमेरिकेत डेल्टाने २०२२ पासून बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही अर्ध्या दराने.

नाक_कान_घसा

व्यवसायाने डॉक्टर आहे, दोन-तीन गोष्टी जोडतो.

विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब ८ हजार फुटांवर असतो त्याहून खाली जाऊ देत नाहीत. उतरताना तो वाढतो. नाक चोंदलेलं असेल तर कानाच्या पडद्यामागचा दाब जुळत नाही, प्रचंड दुखतं, कधी पडद्याला इजा होते. दिवसाला चार वेळा चढ-उतार करणाऱ्यांनी सर्दीत उडू नये. पण रजा मागितली की भुवया उंचावतात, म्हणून मुली नाकात थेंब टाकून जातात आणि मग माझ्याकडे येतात. हवाही कोरडी, पाणी कमी प्यायचं कारण टॉयलेटला जायला सवड नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग हा या पेशातला नेहमीचा पाहुणा आहे.

आता इंदूरच्या घराघरांत असलेली गोष्ट: होमिओपॅथीची बाटली. त्यातल्या अर्कात अल्कोहोल असतं. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी असते आणि क्रूसाठी मर्यादा शून्य. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर तीन महिने निलंबन. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशवरसुद्धा डीजीसीएने २०२३ मध्ये बंदी घातली. आजीला सांगून ठेवा, प्रेमाने दिलेले चार थेंब महागात पडतील.

इंदूर_ते_दुबई

२०१९ मध्ये इंदूरहून दुबईचं थेट विमान सुरू झालं तेव्हा घरच्यांनी मला त्यातूनच पाठवलं. मी क्रू नाही, हॉटेलात आहे, पण माझ्या दोन्ही फ्लॅटमेट क्रू आहेत.

एमिरेट्सला वय किमान २१, उंची १६० सेंटीमीटर आणि टाचा उचलून २१२ सेंटीमीटरपर्यंत हात पोचायला हवा. भिंतीवर खूण असते, तिथे बोट टेकवायचं. हॉटेल, दुकान, कुठलंही ग्राहकांशी बोलायचं एक वर्षाचं काम केलेलं असावं लागतं. राहायला घर कंपनीचं, ने-आण कंपनीची, पगारावर आयकर नाही. हे सगळं खरं. पण घरात रात्री कोणाला बोलवायचं नाही, ठराविक वेळ आधी परत यायचं, हेही आहे. माझी एक फ्लॅटमेट न्यूयॉर्क, सिडनी, साओ पाउलो करून आली. तिला विचारा तिथे काय पाहिलं. हॉटेलचे पडदे. काळे, जाड, दिवसा झोपता येईल असे.

भाचीला १५७ उंचीवर एमिरेट्स जमणार नाही. तिला खोटी आशा देऊ नका.

तलवारकाकू_वकील

पात्रतेवर इतकं लिहिलंत, थोडा इतिहास ऐका, म्हणजे आजच्या अटी कुठून आल्या ते कळेल.

जगातली पहिली विमानसेविका एलन चर्च, १९३०, अमेरिका. ती प्रशिक्षित नर्स होती. तेव्हाच्या अटी: नर्सच हवी, अविवाहित, पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत. म्हणजे ५२ किलो. जंपसीटने वर लिहिलेला ५४ चा आकडा पाहा आणि काय बदललं ते तुम्हीच ठरवा. नर्सची अट मात्र गेली!

आपल्याकडे एअर इंडियाचा नियम होता: ३५ ला निवृत्ती, नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर बाहेर, आणि पहिल्या गरोदरपणात नोकरी संपली. याविरुद्ध नर्गेश मिर्झा आणि सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल १९८१ चा. गरोदरपणाची अट न्यायालयाने कठोर शब्दांत रद्द केली. ३५ नंतर मुदत वाढवायची की नाही हे एकट्या व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर ठेवणंही रद्द केलं. पण चार वर्षं लग्न नाही, ही अट मात्र योग्य ठरवली. मला शिकताना हा निकाल पहिल्यांदा वाचून राग आला होता, अजून येतो. त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुषांना यातलं काहीच लागू नव्हतं.

आज गरोदरपण कळवलं की उड्डाण बंद होतं, नोकरी जात नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण 'पगारी' म्हणजे उड्डाणाच्या तासांचे पैसे त्यात कसे धरलेत, हे करारात वाचावं लागतं. आणि करार कसला? बऱ्याच ठिकाणी ठराविक वर्षांचा, संपल्यावर नवा करायचा की नाही हे कंपनी ठरवते. तिशीनंतर मुली कुठे जातात, याचं निम्मं उत्तर त्या कागदात आहे. बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचं बंधन, असेल तर रक्कम, मुदत, आणि ट्रेनिंगमध्ये नापास झालं तर पैसे कोण भरणार, ही तीन वाक्यं शोधा. नाही सापडली तर सही करू नका.

क्रूची_आई

माझी मुलगी काही वर्षांपासून उडून राहिली आहे. आम्ही लोकमान्य नगरचे. मला या पोस्टी वाचून लिहावंसं वाटलं.

महिनाअखेर रोस्टर, म्हणजे पुढच्या ड्यूट्यांचं वेळापत्रक, येतो, मग आमचं कॅलेंडर बनतं. महालक्ष्म्यांना ती घरी कधीच नसते. सणाला विमानं जास्त, मग सुट्टी कशी देणार? स्टाफचं तिकीट स्वस्त मिळतं, पण सीट रिकामी असेल तरच. दिवाळीत मुंबई-इंदूर रिकामी असते का? एकदा पोर फराळाची वाट बघत मुंबई विमानतळावर बसून राहिली, तिच्यासमोरून इंदूरची तीन विमानं भरून गेली. शेवटी मी सकाळच्या विमानाने जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर डबा दिला.

लोक बोलतात. लग्नाच्या मेळाव्यात एका बाईंनी विचारलं, रात्री कुठे असते तुमची मुलगी? मी म्हटलं, तुमचे यजमान ज्या विमानात झोपतात त्यात जागी असते. तिथून उठून आले.

प्रवाशांचंही सांगते. एकाने तिचा हात धरला होता. तिने सीनिअरला सांगितलं, कॅप्टनने उतरल्यावर सुरक्षावाल्यांना बोलावलं. २०१७ पासून नियम आहे, तोंडाने गैरवर्तन केलं तर तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असं केलं तर दोन वर्षं किंवा जास्त विमानबंदी. पण तक्रार लिहायला, जबाब द्यायला थांबावं लागतं, दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्यूटी असते, म्हणून निम्म्या मुली सोडून देतात. ही पण सोडत होती, मी सोडू दिलं नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादचं विमान पडलं, त्यात दहा केबिन क्रू होते. त्या दिवशी तिचा फोन लागेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. ती त्या कंपनीत नाही, त्या विमानावर नाही, मला माहीत होतं, तरी. दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी होती. गेली. मी काय बोलणार?

छप्पन_भोगी

क्रूची_आई, तुमच्या मुलीला नमस्कार. वाढपी हा शब्द मागे घेतो.

पण माझा मूळ मुद्दा घेत नाही. ऑक्टोबर २०१२ ला किंगफिशर बसली. १७ एप्रिल २०१९ ला जेट. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी हजारो लोक एका रात्रीत रस्त्यावर, पगार थकलेले. बँकेत असं होतं का? विमान कंपनीची नोकरी करायची तर दुसरा दरवाजा उघडा हवा, आणि बारावीवर कुठला दरवाजा उघडतो?

जंपसीट

इथे छप्पन_भोगींना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीचे थकलेले पगार अजून आलेले नाहीत. बंद पडलेल्या कंपनीचा अनुभव दुसरीकडे चालतो, पण ट्रेनिंग पुन्हा करावं लागतं, आणि तिशीच्या पुढे असाल तर जागा कमी.

उलट बाजूही आहे. जागा निघतात तेव्हा एकदम निघतात. २ जुलै २०२२ ला एअर इंडियाची भरती होती आणि त्याच दिवशी इंडिगोच्या इतक्या क्रूने आजारपणाची रजा टाकली की देशभर विमानं उशिरा सुटली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूने तशीच सामूहिक रजा टाकली, काहींना काढलं, मग कामगार आयुक्तांसमोर समझोता होऊन परत घेतलं. या पेशात बोलायची जागा नाही म्हणून लोक आजारी पडतात. मला ते आवडत नाही, पण समजतं.

म्हणून माझं मत: पदवी पुरी करू दे. वय १९ आहे, २७ पर्यंत मुदत आहे, इतकी घाई कशाला? तरी आधी निवड झालीच तर इग्नू आहे, भोज मुक्त विद्यापीठ आहे, परीक्षा तिथून देता येतात. लेओव्हरच्या, म्हणजे परगावच्या मुक्कामातल्या, खोलीत बसून माझ्या एका ज्युनिअरने एम.कॉम. केलं. पदवी असेल तर पुढे ट्रेनर, सुरक्षा विभाग, रोस्टरिंग, भरती, अशा जमिनीवरच्या जागा खुल्या होतात. नसेल तर पस्तिशीत नुसता छान अंबाडा उरतो.

मी_बिजासनचा

विमानतळाशेजारी राहतो, दिवसभर विमानं मोजतो. मुलांना घेतात का हो? माझा पुतण्या १७५ सेंटीमीटर आहे.

जंपसीट

घेतात, पण जागा फार कमी. एअर इंडियाच्या जाहिरातीत मुलांसाठी १७२ सेंटीमीटर आणि बीएमआय १८ ते २५ होतं. हो, मुलांना २५ पर्यंत सूट. तलवारकाकूंनी यावर आणखी एक केस लढवावी.

तलवारकाकू_वकील

पुतण्याला सांगा, फी घेणार नाही.

राजेंद्रनगरकर

काल रात्री घरी बैठक झाली. इन्स्टिट्यूट रद्द. बी.कॉम. पुरं होईल, शेवटचं वर्षच राहतंय. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. 'आई' काढायचं म्हटल्यावर ताईनेच आधी होकार दिला, भाची रडली. मेहुणे अजून तयार नाहीत, पण त्यांनी स्वतःहून विचारलं की एटीआरच्या दोघींत एक आजारी पडली तर काय होतं, म्हणजे वाचतायत सगळं.

आता पासपोर्टचा अर्ज भरायला बसलोय. दहावीच्या मार्कशीटवर फक्त नाव आणि आडनाव आहे, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग. पासपोर्टवर कुठलं लिहायचं?

जंपसीट

थांबा, अर्ज पाठवू नका! निवड झाल्यावर विमानतळाचा प्रवेशपास काढतात, त्यासाठी पोलिस पडताळणी होते आणि तिथे एका अक्षरावरून कागद परत येतो. माझ्याच बॅचची एक पुणेकरीण यासाठी महिनाभर घरी बसली होती. दहावीची मार्कशीट मूळ धरा, ती बदलणं सगळ्यांत कटकटीचं. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग पासपोर्ट. इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे अक्षर न् अक्षर एक आहे ना तेही बघा.

राजेंद्रनगरकर

बघितलं. मार्कशीटवर आडनावात दोन 'ए' आहेत, आधारवर एक. उद्या सकाळी आधार केंद्रावर रांगेत उभा आहे. मेहुणेही येतायत.